लांजेवार साहेबांची कोरी गस्त

लांजेवार साहेबांच्या गिटारची पहिली तार तुटली तेव्हा त्यांनी तिचा रीतसर पंचनामा केला.

सगळा क्लास जागच्या जागी थांबवला. कोणी हलायचं नाही, वस्तूला हात लावायचा नाही, असा हुकूम सोडला. मग चष्मा कपाळावर चढवून, कमरेत वाकून त्यांनी खड्या आवाजात सुरुवात केली, "मौजा फुलचूर. क्लासची खोली, मोबाईलच्या दुकानावर. तार नंबर एक, सगळ्यात बारीक. खुंटीपासून वीतभर अंतरावर तुटून पडलेली मिळून आली. घातपाताचा संशय नाही." पंच म्हणून दोघांची नावं घेतली. एक माझं आणि दुसरं माझ्या बाजूला बसलेल्या तिसरीतल्या परीचं. परीनं गंभीरपणे मान डोलावली. मी हसलो, तर साहेब म्हणाले, "मास्तर, पंच हासत नसते."

साहेब म्हणजे सेवानिवृत्त वनक्षेत्रपाल. सगळी नोकरी जंगलात गेली. आता गोंदियाजवळच्या फुलचूरला आमच्या मागच्या गल्लीत घर बांधून राहतात. अंगानं उंच, पाठ अजून ताठ, मिशी पांढरी पण धारदार. निवृत्त होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, पण जंगल काही त्यांच्या बोलण्यातून निघालेलं नाही. बाजारात वांगी उलटीपालटी करून म्हणतात, "माल अवैध वाटून राहिला." पाहुणा वेळेवर आला तर तो ‘हजर झाला’, नाही आला तर ‘फरार’. एकदा माझी चप्पल त्यांच्या ओसरीवर राहून गेली, तर दुसऱ्या दिवशी निरोप आला, तुमचा मुद्देमाल घेऊन जा.

मी शाळेत मराठी शिकवतो. निवृत्तीला थोडी वर्षं उरली आहेत. संगीताशी माझा संबंध म्हणजे पंधरा ऑगस्टला मुलांच्या मागे उभं राहून ओठ हलवणे. तरी घरात एक गिटार होती. भाचा आमच्याकडे राहून शिकत होता, तो नोकरीला जाताना ठेवून गेला. आम्ही तिच्यावर टॉवेल वाळत घालायचो.

एका सकाळी साहेब आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "मास्तर, तुमच्या घरी गिटार आहे म्हनतेत."

"आहे ना."

"काढा. मी बी घेऊन आलो कालच. उद्यापासून क्लासले जायचं आहे. सहा ते सात."

"कोणाला?"

"आपल्याले."

"काऊन पण, साहेब?"

"काऊन म्हंजे? वाजवाले." मग जरा वाकून, आवाज खाली आणून म्हणाले, "असं आहे मास्तर, मी एकटा गेलो तं लोक हासतीन. दोघं गेलो तं लोकाइले वाटते, काही सरकारी काम असन."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण आतून माझी बायको वर्षा म्हणाली, "जा जा, संध्याकाळी घर तरी मोकळं होईल." आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात एक गोड गैरसमज होता. मी वर्गात वृत्तं शिकवतो. लघु-गुरू, गण, यती. भुजंगप्रयात म्हणताना मुलं डोलतात. मला वाटायचं, ताल आपल्या रक्तात आहे, फक्त कोणी विचारलं नाही म्हणून बाहेर आला नाही.

क्लास निक्की मिस घेते. कॉलेजात शिकते आणि संध्याकाळी मुलांना गिटार शिकवते. तिच्या खोलीत लाल-पिवळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, त्या आठ-नऊ वर्षांच्या पोरांच्या मापाच्या. आम्ही दोघं बसलो तेव्हा गुडघे कानाला लागले. पोरांनी आम्हाला पाहून आधी नमस्कार केला, कारण त्यांना वाटलं तपासणी आहे.

मिसनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "अंकलजी, लेफ्ट हँडका अभी कुछ काम नहीं. डावा हात तारांवर नुसता ठेवा, आवाज बंद करायला. पहले राइट हँड. मनगट एकदम ढीला छोडो. हात धुतल्यावर पाणी झटकता ना, वैसे."

पोरं पाणी झटकू लागली. छक, छक, छक. साहेबही झटकू लागले. माझा हात मात्र खांद्यापासून निघायचा. मिस म्हणाली, "सर, आप पानी नहीं, गोधडी झटक रहे हो." मी मनगट सैल सोडलं, तर बोटंही सैल सुटली आणि त्या बोटांत धरलेली प्लास्टिकची टिकली, जिला पिक म्हणतात, ती गिटारच्या भोकातून पोटात गेली. ती बाहेर काढायची म्हणजे गिटार डोक्यावर उलटी धरून हलवायची. मी हलवत होतो आणि पोरं "और जोरसे सर, और जोरसे" म्हणत होती. त्यांतली दोघं माझ्या शाळेतली निघाली. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मुख्याध्यापकांनी मला विचारलं, "सर, पिक निघाली का?"

पुढच्या आठवड्यात मिसनं ती सुप्रसिद्ध चाल शिकवली, जिच्यावर म्हणे निम्मी गाणी वाजतात. डाऊन, डाऊन, अप, अप, डाऊन, अप. साहेबांनी तिचं लगेच शासकीय मराठीत भाषांतर केलं. खाली, खाली, वर, वर, खाली, वर. पण ‘वर’ला त्यांची हरकत होती.

"मिस, झाड वरतून खाली पडते. खालून वर पडताना म्या सगळ्या नोकरीत पाह्यलं नाई."

"अंकलजी, हाथ नीचे गया तो ऊपर भी तो आएगा ना? आते आते बजाना है, बस."

हे साहेबांना पटलं. "बरोबर आहे. गेलेला मानूस वापस येतेच. खाली हात कायले यायचं?"

खरी अडचण पुढेच होती. त्या चालीत मध्ये एक जागा अशी आहे की हात खाली येतो, पण तारेला लागत नाही. हवेतून नुसता जातो आणि वर येताना वाजतो. मी तिथे दरवेळी अडकायचो. वाजवायचं नाही, तर हात न्यायचा कशाला? मी थांबायचो आणि थांबलो की पुढचं सगळं बिघडायचं. मी मिसला यती समजावून सांगायला लागलो, तर ती म्हणाली, "सर, बोलिए मत, हाथ चलाइए."

साहेबांना मात्र ते एका झटक्यात कळलं. "मास्तर, हे कोरी गस्त आहे."

"म्हणजे?"

"आमी रात्री गस्तीले निंघत होतो. दर खेपी काही सापडते काय? नाई सापडत. मंग काय घरी झोपून राहाचं? गस्त झाली पाह्यजे. सापडो का नाई सापडो, फेरी चुकवायची नाई. हात तारेले लागो का नाई लागो, गेला पाह्यजे."

मिस खूश झाली. पोरंही त्या जागेला कोरी गस्त म्हणू लागली. अख्खा क्लास एका हातानं फिरायचा आणि मी एकटा मध्येच रस्त्यात उभा.

डाव्या हाताची वेळ आली तेव्हा साहेबांनी कॉर्डना नावं दिली. जी म्हणजे गणपतराव, डी म्हणजे देवाजी, सी म्हणजे सीताबाई. ई मायनर हे धाकटे एकनाथ. "गनपतरावाकडून देवाजीकडे जा," असं ते स्वतःच्याच बोटांना बजावायचे. एफ नावाचा एक कॉर्ड असतो, त्याला एका बोटानं सगळ्या तारा दाबून धराव्या लागतात. तो कुणालाच जमत नव्हता. साहेबांनी त्याची फाईल एका शब्दात बंद केली, "फरार."

घरी माझा सराव चालायचा. बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, कुकरच्या शिट्ट्यासुद्धा तुमच्यापेक्षा तालात होतात." मी म्हणायचो, रियाज आहे. ती म्हणायची, "रियाज आहे तर मग शिट्ट्या मोजता येतील असा करा, काल डाळ करपली." शेजारच्या कुत्र्यानं आमच्या फाटकाजवळ झोपणं सोडलं. बोटांच्या टोकांना घट्टे पडले तेव्हा मी ते स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवले. विज्ञानाचे सर म्हणाले, "खडू जरा हलका धरत जा."

या सगळ्यात साहेबांची एक गोष्ट मला खटकायची. क्लासची वेळ सहा ते सात, आणि सातच्या आत ते घरी जायलाच तयार नसत. एकदा मिसला ताप होता म्हणून क्लास झाला नाही. मी म्हटलं चला घरी, तर त्यांनी मला चहाच्या टपरीवर बसवलं. एक चहा झाला, दुसरा झाला. मी उठलो की म्हणायचे, "बसा नं मास्तर, कोन्ती घाई आहे?" सात वाजले आणि ते एकदम उठले. परत एकदा लाईट गेली, क्लास सुटला, तर आम्ही दोघं गिटार पाठीला लावून रेल्वे फाटकाजवळ मालगाडीचे डबे पाहत उभे. येणारे-जाणारे विचारायचे, "कुठं प्रोग्राम आहे का?"

मी आपला मराठीच्या मास्तरासारखा अर्थ लावला. नवरा-बायकोचं पटत नसेल. माणूस आयुष्यभर बाहेर राहिलेला, आता चोवीस तास समोर. कुसुमवहिनीही फारशा बोलत नसत. त्यांचं माहेर अर्जुनी मोरगावकडचं, शेतकऱ्याचं. घरी गेलं की "या सर" म्हणून चहा आणून ठेवायच्या आणि आत जायच्या. साहेब ओसरीवर, वहिनी आत. घर इतकं शांत की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायचं.

मग दिवाळीच्या आधी एकदा मिसची परीक्षा होती, तिनं लवकर सोडलं. टपरी बंद होती. माझं डोकं दुखत होतं आणि मी हटून बसलो, आज घरी म्हणजे घरीच. साहेब नाइलाजानं स्कूटरवर मागे बसले. त्यांची गल्ली आली तसं त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"गाडी बंद करा."

"का?"

"बंद करा मनलं नं."

आम्ही उतरलो. मी स्कूटर ढकलत निघालो, साहेब दोन्ही गिटारी घेऊन मागे. त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीशी ते थांबले आणि मला थांबवलं.

आतून गाणं येत होतं. भाताच्या रोवणीच्या दिवसांत बाया चिखलाच्या बांधीत ओळीनं वाकून म्हणतात ना, तसलं. एकीनं उचलायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं. इथे उचलणारीही एकटी आणि झेलणारीही तीच. आवाज मोकळा, जाडसर, अजिबात न लाजणारा. ज्या बाईनं मला इतक्या वर्षांत "या सर" आणि "साखर बराबर आहे?" याच्या पुढे एक शब्द ऐकवला नव्हता, तिचा हा आवाज असेल यावर माझा विश्वास बसेना.

"वहिनी?" मी विचारलं.

साहेबांनी मान हलवली. पाठ भिंतीला टेकवली आणि हळू आवाजात बोलू लागले. त्यांना हळू बोलता येतं हेही मला त्या दिवशी कळलं.

"मास्तर, मी महिन्यातून दोन दिवस घरी येत होतो. आलो का झोपून राहत होतो. लेकरं खेळाले लागले का हे त्यायले चूप करत होती. साहेब झोपले आहेत, आवाज करू नोका. तिची आदतच झाली. मी घरात आहे म्हंजे आवाज नाई. रिटायर होऊन आलो, शेजारचे म्हनाले, वयनी का मस्त गाते हो. मी मनलं, कोन्ती वयनी? एक दिवस बाजारातून जलदी आलो, तं ऐकू आलं. खुशीनं फाटक उघडलं. फाटक वाजलं अन् रेडिओ बंद केल्यावानी बंद. भाईर येऊन म्हनते, चहा ठेवू का?"

"मग तुम्ही?"

"मंग काय. तवापासून संध्याकाळी घराभाईर. पन नुसतं भटकलो तं लोक इचारतेत, साहेब कुठं चालले, घरी काई झालं का. क्लास आहे मनलं का कोनी इचारत नाई."

म्हणजे मी या माणसाच्या संगतीनं तीन महिने गुडघे कानाला लावून बसलो, पोरांसमोर गिटार उलटी हलवली, बोटं सोलून घेतली, ते सगळं याच्यासाठी. मला राग यायला हवा होता. आला नाही.

"साहेब, सरळ सांगा ना त्यांना. मी असलो तरी गा म्हणून."

"सांगून गायलं तं थे ड्युटी झाली मास्तर." मग गिटारचा पट्टा सारखा करत म्हणाले, "अन् वाजवाचं बी मनात आहे. कधी तरी तिच्या मांगं मांगं धरता आलं तं. पन थे पुढचं पुढं."

गाणं संपलं. साहेबांनी दोन्ही गिटारी माझ्या खांद्यावर अडकवल्या, मोठ्यानं खोकले, फाटक वाजवलं आणि आत गेले. मला बाहेर ऐकू आलं, "चहा ठेवू का?"

त्यांनी कोणाला सांगू नका म्हटलं होतं, आणि मी सांगितलंही नाही. पण मी मराठीचा शिक्षक. सुखान्त करायची खोड मला आहे. नवेगाव बांधला निवृत्त वनकर्मचाऱ्यांचा सहकुटुंब मेळावा होणार होता. मी साहेबांच्या मागे लागलो, आपण दोघं वाजवू. माझ्या डोक्यात सगळं तयार होतं. आम्ही वाजवायचं, टाळ्या पडायच्या, आणि मग मी माईकवर येऊन म्हणायचं, आता कुसुमवहिनी गातील. वहिनींना तर साहेब काय शिकतात हेही ठाऊक नव्हतं. क्लास म्हणजे योगासनांचा, अशी त्यांची समजूत होती. साहेबांची गिटार आमच्याच घरी टॉवेलाखाली असायची.

तलावाच्या काठी मांडव होता. जुने रेंजर, फॉरेस्टर, गार्ड, त्यांच्या बायका, नातवंडं, आणि बाजूला मोठ्या गंजात मासोळीचा रस्सा. साहेब गिटार घेऊन उभे राहिले तेव्हा समोर बसलेल्या वहिनींनी वर्षाला विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, "हे काय घेतलं यायनं?"

आम्ही सुरू केलं. साहेब त्यांच्या संथ गस्तीच्या चालीनं निघाले. मी घाबरलो होतो, त्यामुळे धावत सुटलो. दोघं एकाच ठिकाणाहून निघालो आणि वेगवेगळ्या गावांना पोचलो. मी त्यांना गाठायला थांबलो, तर ते पुढे गेले. मी परत धावलो. घामानं पिक सुटली आणि गेली पोटात. मी नखानं वाजवू लागलो, नख तुटलं. मी गिटार उलटी करून हलवली, माईक जवळ होता, त्यामुळे पिकचा खडखडाट तलावाच्या पलीकडच्या काठापर्यंत गेला असावा. साहेब वाजवायचे थांबले, माझ्याकडे वळले, आणि त्यांच्या रेंजमध्ये चालायचा त्या आवाजात माईकवरच म्हणाले, "मास्तर, टोळीपासून अलग होऊ नोका, वाघ नेते."

मांडव फुटला. आणि त्या सगळ्या हसण्यात एक हसणं वेगळं ऐकू आलं. कुसुमवहिनी हसत होत्या. तोंडावर पदर नव्हता, मान मागे टाकून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होत्या. साहेबांचा हात तारांवर तसाच राहिला. ते बायकोकडे असे पाहत होते, जणू जंगलात न दिसणारं काही समोर येऊन उभं राहिलंय आणि हललो तर पळून जाईल.

इथे तरी मी गप्प बसायचं होतं. पण मी माईक ओढला आणि म्हणालो, "आता कुसुमवहिनी एक गाणं म्हणतील!"

वहिनींचं हसू जागच्या जागी विझलं. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. त्यांनी पदर ओढला, नाही नाही म्हणत खुर्चीत मागे सरकल्या. लोक टाळ्या वाजवून आग्रह करू लागले. तेवढ्यात साहेबांनी माझ्या हातून माईक घेतला.

"कोनी गानार नाई. जेवन लागलं आहे. सगळ्यायनं पंगतीत हजर व्हा."

साहेबांचा हुकूम होता, लोक उठले. मी गिटार छातीशी धरून तिथेच उभा. वर्षा जवळ येऊन म्हणाली, "तुम्हाला बोलायला कोणी सांगितलं होतं?"

परतताना ट्रॅक्स जीपमध्ये मी तोंड लपवून मागच्या बाकावर बसलो. समोरच्या बाकावर ते दोघं होते.

"हे कवा शिकले तुमी?" वहिनींनी विचारलं.

"शिकलो कुठं."

"थे तं दिसलंच." आणि त्या पुन्हा हसल्या. "योगा म्हनून जात होते अन् हे करत होते? मी बी मनलं, योगानं बोटाले घट्टे कसे पडून राहिले." त्यांनी साहेबांचा हात ओढून घेतला आणि बोटांची टोकं अंगठ्यानं चाचपून पाहिली. साहेबांनी हात काढून घेतला नाही. गोंदिया येईपर्यंत दोघं बोलत होते. काय ते मला ऐकू आलं नाही. गाडीचा आवाज फार होता, आणि माझी ऐकायची लायकीही त्या दिवशी उरली नव्हती.

नंतरचा आठवडाभर सुट्टी होती. सोमवारी क्लास सुरू झाला तेव्हा मी पावणेसहाला साहेबांना न्यायला गेलो. फाटक उघडलं. साहेब ओसरीवर सुपात वालाच्या शेंगा घेऊन बसले होते आणि सोलत होते. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर त्यांनी कोंबडी हाकलावी तसा हात केला.

आतून गाणं येत होतं.

वहिनी सोललेले दाणे न्यायला दाराशी आल्या. मला पाहून थांबल्या, "या सर" म्हणाल्या. वाटी भरून घेतली, नवऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि आत वळता वळता सोडलेली ओळ पुन्हा उचलली.

साहेब शेंग हातात धरून तसेच बसले होते. बराच वेळ ती सोलली गेली नाही.

"मास्तर," ते ओठांतल्या ओठांत म्हणाले, "आज तुमीच जा."

मी आल्या पावली मागे फिरलो. फाटक वाजू नये म्हणून कडी हातात धरून हळूच लावली, आणि स्कूटर गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेली.